स्प्रिंग बूट: त्याच क्लासमधून बोलावलेल्या मेथडसाठी नवे ट्रान्झॅक्शन सुरू होत नाही, मदत हवी आहे

नमस्कार,

एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमध्ये वेब ॲप्लिकेशन लिहीत आहे. त्यातील वर्गणीच्या सर्व्हिस क्लासमध्ये एक मेथड सभासदाची वर्गणी जमा करते आणि आतून दुसरीला बोलावते, जी त्या प्रयत्नाची नोंद वेगळ्या टेबलमध्ये ठेवते. पहिलीवर साधे ट्रान्झॅक्शनल ॲनोटेशन आहे, म्हणजे तिच्यातील डेटाबेसचे बदल एकत्र पक्के होतात किंवा एकत्र रद्द (रोलबॅक) होतात. दुसरीवर तेच ‘रिक्वायर्स न्यू’ प्रोपगेशनसह (दर वेळी स्वतंत्र नवे ट्रान्झॅक्शन) दिले आहे, कारण वर्गणीचा व्यवहार रोलबॅक झाला तरी प्रयत्नाची नोंद टिकलीच पाहिजे. पैसे भरल्याचे सांगत आलेल्या सभासदाला उत्तर देताना कार्यवाहांना त्याच नोंदीचा आधार असतो.

प्रत्यक्षात पहिल्या मेथडमध्ये रनटाइम एक्सेप्शन आले की नोंदही नाहीशी होते. ट्रान्झॅक्शन इंटरसेप्टरचे लॉग ट्रेस पातळीवर पाहिले असता तेथे फक्त पहिल्या मेथडचे नाव दिसते. दुसरी थेट कंट्रोलरमधून बोलावली, तर मात्र तिचे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन व्यवस्थित सुरू होते. दोन्ही मेथड पब्लिक आहेत. स्प्रिंग कंट्रोलरच्या हाती मूळ ऑब्जेक्टऐवजी प्रॉक्सी (कॉल आधी स्वतःकडे घेऊन मग मूळ ऑब्जेक्टकडे पाठवणारा मध्यस्थ) देते, ॲनोटेशनचा अंमल त्या प्रॉक्सीत होतो आणि ‘धिस’वर, म्हणजे मूळ ऑब्जेक्टने स्वतःवरच केलेला कॉल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही, असे मला यातून दिसते.

नोंदीची मेथड वेगळ्या सर्व्हिस क्लासमध्ये नेणे हा सरळ मार्ग आहे, परंतु ती याच क्लासमधील काही प्रायव्हेट मेथड वापरते आणि त्यांची दुसरी प्रत ठेवणे मला पटत नाही. क्लासमध्ये त्याचाच बीन (स्प्रिंगने सांभाळलेला ऑब्जेक्ट, इथे प्रॉक्सी) ‘लेझी’ लावून इंजेक्ट केला तर काम होते, पण पुढे हा कोड वाचणाऱ्याला त्याचे कारण चटकन कळणार नाही. म्हणून ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट वापरून नवे ट्रान्झॅक्शन कोडमध्येच उघडपणे सुरू करावे, याकडे माझा कल आहे. आपण अशा ठिकाणी कोणता मार्ग निवडता आणि का?

याला जोडूनच एक शंका आहे, जी मला अधिक गंभीर वाटते. नवे ट्रान्झॅक्शन चालू असताना बाहेरच्या ट्रान्झॅक्शनचे कनेक्शन अडकूनच राहते, म्हणजे एका विनंतीला एकाच वेळी दोन कनेक्शन लागतात. हिकारीच्या पूलमध्ये (डेटाबेस कनेक्शनच्या तयार साठ्यात) मुळात 10 कनेक्शन असतात. वर्गणीच्या शेवटच्या दिवशी 10 विनंत्या एकदम आल्या आणि प्रत्येकीने पहिले कनेक्शन धरून ठेवले, तर दुसऱ्यासाठी सगळ्याच 30 सेकंदांच्या टाइमआउटपर्यंत खोळंबतील. केवळ पूल वाढवणे पुरेसे आहे, की नोंद बाहेरचे ट्रान्झॅक्शन सुरू होण्यापूर्वी किंवा संपल्यानंतर करणे योग्य ठरेल?