एज्युकेशनल टेक्नॉलॉजीच्या प्राध्यापकाचं वर्ष कुठल्या रकान्यात बसवायचं?

वऱ्हाडी_मॅडम

नमस्कार मंडळी, मी विदर्भातल्या एका बीएड-एमएड कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे, पीएचडी एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत झालीये. सेल्फ अप्रेझलचा फॉर्म भरायला बसले आणि डोकं गरगरायला लागलंय. शिकवलं ते सरळ आहे, बीएडचा आयसीटीचा (माहिती-संपर्क तंत्रज्ञानाचा) ईपीसी म्हणजे व्यावसायिक क्षमता वाढवायचा पेपर, एमएडचा एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचा पेपर, सराव पाठांची निरीक्षणं, डेझर्टेशनची (लघुप्रबंधाची) पोरं, ते सगळं टाइमटेबलवर आहे. पण त्याशिवाय वर्षभर जे केलं त्याचं काय करू? मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायचं सॉफ्टवेअर) मी उभं केलं, बाकी सगळ्यांचे कोर्स त्यात चढवून दिले, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) एक्यूएआरसाठी, म्हणजे वार्षिक गुणवत्ता अहवालासाठी, आयसीटीचे पुरावे मीच गोळा केले, वेबिनार म्हटलं की लिंक मी काढणार, पाहुण्यांचा आवाज येत नसेल तर मी पळणार, आणि प्रोजेक्टरवर निळा पडदा आला की कुठल्याही तासातून मला हाक, वर "मॅडम, तुमचा विषयच आहे ना हा!"

या सगळ्यात स्वतःचा रिसर्च म्हणून एकच पेपर झाला, तोही दोघांचा. मग हे टीचिंग, रिसर्च की सर्व्हिस? आणि पुढचं वर्ष वेगळं कसं काढू? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

निवांत_मास्तर

मॅडम, आधी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम काढून परिशिष्ट २ मधलं टेबल १ वाचा. महाराष्ट्रात ते ८ मार्च २०१९ च्या जीआरने (शासन निर्णयाने) लागू झाले. जुन्या एपीआयचे (२०१० च्या नियमांतल्या गुणांकन पद्धतीचे) तीन गट आणि त्यातली पॉइंटांची जुळवाजुळव आता नाही, पण स्टाफरूममध्ये अजून निम्मे लोक २०१० च्याच भाषेत बोलतात आणि नव्यांना घाबरवतात. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त घेतले तर 'चांगलं', ७० ते ८० मधे 'समाधानकारक'. असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास थेट अध्यापन, ते तुमचं नक्कीच भरलेलं असणार. दुसरा भाग उपक्रमांचा, त्यात प्रशासकीय जबाबदारी, परीक्षेची कामं, विद्यार्थी उपक्रम, सेमिनार आयोजन, पीएचडी गाइडशिप, प्रोजेक्ट आणि किमान एक पेपर असं सात प्रकारचं काम दिलंय, त्यातले तीन झाले की 'चांगलं'. म्हणजे तुमचा तो दोघांचा पेपरसुद्धा चालतो, उगाच खंत करू नका.

खरा प्रश्न प्रोजेक्टरचा. तो कुठेच धरला जात नाही आणि जाणारही नाही. पण मूडल आणि एक्यूएआर धरता येतं, त्यासाठी ऑर्डर पाहिजे. प्रिन्सिपलच्या सहीचं, जावक क्रमांक असलेलं एक पानी पत्र, 'एलएमएस समन्वयक म्हणून नेमणूक करण्यात येत आहे' (एलएमएस म्हणजे मूडलसारखी प्रणाली). तोंडी सांगितलेलं काम कॅसच्या म्हणजे बढतीच्या फाइलमध्ये शून्य. जूनमध्ये कामवाटप होतं तेव्हाच मागून घ्या, मार्चमध्ये मागितलं की लोक तोंड फिरवतात. आणि समन्वयक झालात की प्रोजेक्टर लॅब असिस्टंटकडे द्यायचा अधिकारही आपोआप येतो, हा त्यातला खरा फायदा.

तासिका_तत्त्व

तुम्हाला निदान भरायला फॉर्म तरी आहे 🙂 आम्ही सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. लिंक आम्हीच काढतो, व्हिडिओ आम्हीच एडिट करतो, युट्युब चॅनल आम्हीच चालवतो आणि पैसे फक्त घेतलेल्या तासांचे. अप्रेझल कसलं न काय.

मिशिगनची_माई

मी मूळची सांगलीची, आता इकडे अमेरिकेत याच विषयात शिकवते. आमच्याकडे टेन्युअर ट्रॅकवर (पुढे कायम होऊ शकणाऱ्या नोकरीत) कामाची वाटणी बऱ्याच ठिकाणी ४०-४०-२० असते, टीचिंग ४०, रिसर्च ४०, सर्व्हिस २० टक्के, पण युनिव्हर्सिटी बदलली की आकडे बदलतात आणि जिथे सेमिस्टरला चार-चार कोर्स असतात तिथे रिसर्चचे ४० फक्त कागदावर. दरवर्षी रिपोर्ट द्यायचा आणि साधारण सहाव्या वर्षी सगळी फाइल एकदम तपासली जाते, मग एकतर कायम नाहीतर गाशा गुंडाळा. पगार नऊ महिन्यांचा, उन्हाळ्यात रिसर्च करायचा तो ग्रँट असेल तर पगारी नाहीतर फुकट.

तुम्ही म्हणता तो त्रास इथेही आहे बरं का, फक्त थोडा सभ्य. प्रोजेक्टरला वेगळी माणसं असतात, कोर्स चढवून द्यायला इन्स्ट्रक्शनल डिझायनर असतात, पण ऑनलाइन लर्निंगची कुठलीही कमिटी निघाली की पहिलं नाव माझंच. एका सीनियर बाईंनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं की सर्व्हिस घ्यायचीच तर विषयातली घे, जर्नलचं रिव्ह्यूइंग, एईसीटीसारख्या (आमच्या विषयातल्या) संघटनेचं काम, कारण तिथे तुझ्या रिसर्चला ओळखणारे लोक भेटतात. कॅम्पसवरच्या कमिट्यांना एकच उत्तर ठेव, "या सेमिस्टरला एक आहे, दुसरी जमणार नाही."

आणि एक, तुम्ही शिकवता तोच वर्ग तुमची लॅब आहे की! आमच्या विषयात डिझाइन-बेस्ड रिसर्च म्हणून पद्धत आहे, १९९२ मध्ये ॲन ब्राउन आणि ॲलन कॉलिन्स यांच्या लिखाणापासून ती रुजली. वर्गात काहीतरी रचायचं, चालवायचं, कुठे अडतं ते नोंदवायचं, बदलायचं, परत चालवायचं. तुमच्याकडे दोन सेमिस्टर आहेत म्हणजे दोन फेऱ्या आयत्या मिळतात. मूडलचे लॉग (कोणी कधी काय उघडलं त्याच्या नोंदी) आपोआप जमतात. फक्त आपल्याच विद्यार्थ्यांचा डेटा असला की संमती तुम्ही स्वतः मागू नका, आमच्याकडे ती दुसरं कोणीतरी घेतं आणि मार्क जाहीर होईपर्यंत कोणी हो म्हटलं ते शिक्षकाला कळत नाही. नाहीतर मास्तर मागतोय म्हटल्यावर कोण नाही म्हणणार!

खडूफळा

माईंचं पटलं. पण आपल्याकडे या विषयात रिसर्च म्हणजे काय होतं ते पण सांगू द्या, थोडं लागेल. इयत्ता आठवीचे दोन गट, एकाला पीपीटी, एकाला खडूफळा, प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, टी-टेस्ट, निष्कर्ष 'पीपीटी प्रभावी आहे'. कपाटंच्या कपाटं भरलीत या डेझर्टेशनांनी. रिचर्ड क्लार्कने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय की माध्यम म्हणजे किराणा पोचवणारा ट्रक, ट्रक बदलला म्हणून खाणाऱ्याचं पोषण बदलत नाही. क्लार्कशी वाद घालणारेही आहेत, रॉबर्ट कोझमाने घातलाच, पण निदान तो वाद वाचून तरी विषय निवडा. एमएडच्या पोरांना मराठी माध्यमातल्या मुलांचं इंग्रजी व्हिडिओ बघताना नेमकं काय होतं असले विषय द्या, कोणी बघितलेलं नाहीये धड.

आणि यूजीसी केअरची लिस्ट (मान्य जर्नलांची यादी) २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे जर्नल निवडण्याची जबाबदारी परत आपल्यावर आलीय. पैसे भरून आठवड्यात छापणाऱ्यांचे व्हॉट्सॲप मेसेज आले की ब्लॉक करा.

वऱ्हाडी_मॅडम

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, ऑर्डरची गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती. अजून एक विचारते, मूडलवर मी मराठीतून जे मॉड्यूल बनवलेत त्याचे कुठे काही पॉइंट मिळतात का? का ते पण प्रोजेक्टरसारखंच?

निवांत_मास्तर

मिळतात. टेबल २ बघा, रिसर्च स्कोअरचं. त्यात आयसीटी आधारित साहित्याला स्वतंत्र जागा आहे, चार क्रेडिटचा पूर्ण मूक (सगळ्यांना खुला ऑनलाइन कोर्स) चार क्वाड्रंटमध्ये म्हणजे चार भागांत केला तर २०, ई-कंटेंट पूर्ण कोर्सचा असेल तर १२, एक मॉड्यूल ५. तुलनेला, आपल्या शाखेत एक पेपर १० आणि दोन लेखक असले तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे ७. पण नुसते व्हिडिओ टाकून ठेवले तर त्याला चार क्वाड्रंट म्हणत नाहीत, व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चेची जागा आणि स्वाध्याय-चाचणी असं चारही लागतं. तुमच्याकडे मूडलवर बहुतेक तीन तयार असतीलच. हा स्कोअर लगेच नाही लागणार, कॉलेजात प्रोफेसर व्हायला किमान ११० लागतो तेव्हा कामी येईल, पण पुरावे आत्तापासून तारखेसकट ठेवा.

शिवाय जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने जो नवा मसुदा काढला त्यात डिजिटल कंटेंट आणि भारतीय भाषांतून शिकवणं या दोन्हींना योगदान म्हणून वेगळी जागा दिलीय. तो मसुदा आहे, त्याच्यावर विसंबून फाइल लावू नका, पण मराठीतले मॉड्यूल पुसू पण नका.

मिशिगनची_माई

आणि मॉड्यूलवर हक्क तुमचा का कॉलेजचा हे त्याच ऑर्डरमध्ये लिहून घ्या. उद्या नोकरी बदललीत तर लॉगिन बंद होईल, बॅकअप फाइल तुमच्याकडे असू द्या.