‘अटॅक कार्गो शिप’ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन
मंडळी, एका दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या, पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाच्या लढाईवर लेख लिहितेय. नायिका विमानवाहू नौका नाही, मालाची बोट आहे. अमेरिकन नौदलाची ‘अल्चिबा’. संदर्भांमध्ये तिचा प्रकार ‘अटॅक कार्गो शिप’ असा दिलाय, आद्याक्षरं ‘एकेए’, क्रमांक ६. पहिल्या खर्ड्यात मी ‘आक्रमक मालवाहू जहाज’ लिहिलं आणि घरी वाचून दाखवलं. नवरा म्हणाला, “म्हणजे अंगावर येणारा ट्रक?” तेव्हापासून गाडी अडलीय.

आणखी दोन अडचणी. ‘ॲम्फिबियस लँडिंग’ला ‘उभयचर’ म्हटलं की मला शाळेच्या पुस्तकातला बेडूक दिसतो. आणि ‘कॉम्बॅट लोडिंग’ला तर शब्दच सुचत नाही. मदत करा, मुदत जवळ आलीय.

कोशकिडा
बेडकावर अन्याय नको. ‘उभयचर’मधला ‘चर’ गवत चरणारा नाही, वावरणारा आहे: जलचर, निशाचर, अनुचर. दोन्हीकडे वावरतो तो उभयचर. वर्तमानपत्रं ‘उभयचर युद्धनौका’ सर्रास छापतात. आपल्या नौदलाने असल्या जहाजांना नावंही तशीच दिली आहेत: ‘मगर’, ‘घडियाल’ आणि ‘जलाश्व’. जलाश्व म्हणजे पाणघोडा. ती २००७ साली आपल्याकडे आली, त्याआधी अमेरिकेची ‘ट्रेंटन’ होती. पाण्यातून जमिनीवर येणारे सगळे प्राणी घेतले, बेडूक तेवढा वगळला.

‘आक्रमक’ मात्र काढाच. तो माणसाच्या किंवा फलंदाजाच्या स्वभावाचा शब्द आहे.

बुणगा
‘रसदनौका’ का नको? ‘रसद’ हा आपल्या लष्करी मराठीतला मुरलेला शब्द. पानिपतावर भाऊसाहेबांची रसद तुटली म्हटलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. दारूगोळा, दाणागोटा, इंधन, सगळं त्यात येतं. ‘चढाईची रसदनौका’ म्हणा आणि मोकळ्या व्हा.

तांडेल
बुणगासाहेब, शब्द गोड आहे, पण बसत नाही. रसद मागून येते. फौज पुढे गेली, मग तिच्या मागे रसद निघाली. ही जहाजं पहिल्याच दिवशी, पहिल्याच ताफ्यात असायची. ७ ऑगस्ट १९४२ला ग्वाडलकनालवर अमेरिकन मरीन, म्हणजे जहाजांतून येऊन किनाऱ्यावर लढणारे सैनिक, उतरले, तेव्हा ही बोट तिथेच किनाऱ्यासमोर उभी होती. शिवाय आज ‘रसदनौका’ म्हटलं की भर समुद्रात दुसऱ्या जहाजांना तेल-पाणी देणारं जहाज डोळ्यांपुढे येतं. ते काम वेगळं.

मी स्वतः मालाच्या बोटींवर आयुष्य काढलं, लढाईच्या नाही. पण माल भरायची अक्कल दोन्हीकडे लागते, म्हणून ‘कॉम्बॅट लोडिंग’बद्दल थोडं सविस्तर लिहितो.

व्यापारी बोटीत फाळका, म्हणजे मालाचा खण, कसा भरतात? जड खाली, हलकं वर, मधे बोटभरही जागा रिकामी ठेवायची नाही, कारण रिकाम्या जागेला भाडं मिळत नाही. लढाईची भरण याच्या उलटी. तिथे जागा वाया गेली तरी चालेल, क्रम चुकता कामा नये. किनाऱ्यावर जे सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात वर. तोफ एका जहाजात आणि तिचे गोळे दुसऱ्याच जहाजाच्या तळाशी, असं झालं तर ती तोफ म्हणजे लोखंडाचं ओझं. घर हलवताना आपण काय करतो? गॅस, चहा-साखरेचा डबा आणि एक पातेलं टेंपोत सगळ्यात शेवटी चढवतो. नव्या घरी पोचल्यावर कपाट नंतर लागतं, चहा आधी.

ग्वाडलकनालच्या आधी नेमका हाच घोळ झाला होता. मरीन दलाचं बरंच सामान न्यूझीलंडला वेलिंग्टनला व्यापारी पद्धतीने भरून आलं. जुलै १९४२मध्ये धक्क्यावर ते सगळं उपसून पुन्हा भरायची पाळी आली. त्यात थंडी आणि पाऊस. पुठ्ठ्याची खोकी भिजून फुटली, धक्काभर कॉर्नफ्लेक्स आणि पुठ्ठ्याचा लगदा झाला. हमाली कुणी केली? मरीन सैनिकांनीच. जागा आणि वेळ पुरेना म्हणून ९० दिवसांच्या सामानाऐवजी ६० दिवसांचं घेतलं, बाकीचं मागे ठेवलं.

म्हणून माझा शब्द साधा आहे: ‘उलटी भरण’. पहिल्यांदा येईल तिथे ‘उतरवायच्या क्रमाने केलेली उलटी भरण’ असं लिहा, पुढे नुसतं ‘उलटी भरण’.

कोशकिडा
‘उलटी’ शब्दाने समुद्रावर वेगळा अर्थ निघेल, तांडेलकाका. बोट लागल्यासारखं वाटतं.

तांडेल
मग ‘उलट भरण’ करा. एका वेलांटीने पोट सांभाळलं जाईल.

शाईपेन
‘उलट भरण’ घेतलं! वेलिंग्टनचा लगदा लेखात होता, पण तो का झाला हे मला आत्ता कळलं.

‘लँडिंग’ राहिलं. मी ‘अवतरण’ लिहिलं होतं.

बुणगा
अवतरण नको, अवतरणचिन्हं आठवतात. जुन्या कागदपत्रांत फौजा ‘उतरतात’. तेच क्रियापद धरा: ‘किनाऱ्यावर फौज उतरवणं’. नाम हवंच असेल तर ‘उतरण’, पण मराठीला क्रियापद जास्त मानवतं. ‘ग्वाडलकनालचं ॲम्फिबियस लँडिंग झालं’ यापेक्षा ‘ग्वाडलकनालवर फौज उतरली’ हे वाक्य जिवंत आहे. समुद्रातून उतरली हे वेगळं सांगायची गरज नाही, बेटावर दुसरीकडून कुठून उतरणार?

शाईपेन
विमानातून, दादा.

बुणगा
मान्य. तिथे ‘समुद्रमार्गे’ घाला. बेडूक तरी टळला.

तांडेल
एक गोष्ट वाचकाला सांगायलाच हवी, नाहीतर ‘उतरण’ म्हणजे जहाज धक्क्याला लागलं असं वाटेल. धक्का नव्हताच. जहाज खोल पाण्यात नांगरून उभं राहायचं आणि माल डेरिकने, म्हणजे जहाजावरच्या यारीने, उचलून छोट्या होड्यांत सोडायचं. हिगिन्स होडी, ३६ फूट लांब, बरीचशी प्लायवुडची, पुढे पाडता येणारं दार. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाळूत टेकवायची, दार पाडायचं, माल बाहेर, परत जहाजाकडे. आमच्या कोकणात आगबोटी खोल पाण्यात थांबायच्या आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर यायचे, तीच रीत. जहाज पाण्यातच राहतं, दोन्हीकडे वावरते ती होडी. म्हणजे खरी ‘उभयचर’ होडीच.

मालाच्या जहाजाचा जीव या येरझारांवर टांगलेला असतो. ग्वाडलकनालला पहिल्या दिवशी होड्या वेळेवर पोचल्या, पण वाळूवर माल उचलायला पुरेसे हात नव्हते. शंभरेक होड्या किनाऱ्याला चिकटून बसल्या आणि पन्नासेक मागे पाण्यात ताटकळत राहिल्या. जहाजांवर माल तसाच. ८ ऑगस्टच्या रात्री साव्हो बेटाजवळ जपान्यांनी दोस्त राष्ट्रांच्या चार क्रूझर युद्धनौका बुडवल्या, आणि ९ तारखेला सगळी मालाची जहाजं अर्धंअधिक सामान पोटात घेऊनच निघून गेली. मरीन मागे राहिले, पुष्कळसं जेवण पुढे गेलं.

शाईपेन
हा परिच्छेद असाच्या असा उचलला तर रागावणार नाही ना, काका?

आता मूळ प्रश्न. लेखाचा गाभा असा आहे: २८ नोव्हेंबर १९४२. अल्चिबा ग्वाडलकनालच्या लुंगा पॉइंटसमोर उभी. पोटात पेट्रोलची पिंपं, बॉम्ब आणि दारूगोळा. सकाळी सहा वाजून गेले होते. मोठ्या पाणबुडीच्या पाठीवर बसून आलेल्या दोन माणसांच्या छोट्या जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. ज्वाळा १५० फुटांपर्यंत उठल्या. कप्तानाने जहाज सरळ किनाऱ्यावर घुसवायचा हुकूम दिला, आणि त्यामुळेच ती बुडाली नाही. आग पाच दिवस धुमसत होती. माणसं त्याच आगीच्या शेजारून माल बाहेर काढत राहिली आणि बराचसा माल वाचवलाही. डागडुजी चालू असताना ७ डिसेंबरला दुसरा टॉर्पेडो बसला, तीन माणसं गेली. तरीही ती तरंगवली, दुरुस्त केली आणि पुन्हा कामाला लावली.

इथे मी लिहिलंय: ‘कप्तानाने जहाज किनाऱ्याला लावलं.’ बरोबर आहे?

तांडेल
नाही. ‘किनाऱ्याला लावलं’ म्हणजे सुखरूप पोचवलं. नाव किनाऱ्याला लागली म्हणजे काम फत्ते. इथे मुद्दाम ‘वाळूवर चढवलं’ म्हणा. ‘रुतलं’ही नको, त्यात चूक दिसते. चढवण्यात हुकूम दिसतो.

कोशकिडा
शाईपेनताई, तारीख पुन्हा सांगा. २८ नोव्हेंबर १९४२?

शाईपेन
हो. का?

कोशकिडा
मग आपण दोन दिवस उगाच डोकं खाजवतोय. अमेरिकन नौदलाने ‘एकेए’ हा वर्ग केला १ फेब्रुवारी १९४३ला. त्याआधी ही जहाजं नुसती ‘एके’, म्हणजे साधी मालवाहू. तुमची नायिका जळली तेव्हा ‘एके-२३’ होती. ‘एकेए-६’ हे नाव तिला मागाहून मिळालं. नोव्हेंबर १९४२च्या प्रसंगात ‘अटॅक’ शब्द घालणं म्हणजे शिवनेरीवर जन्मलेल्या बाळाला ‘छत्रपती’ म्हणून हाक मारण्यासारखं आहे.

बुणगा
उपमा जरा मोठी झाली, पण मुद्दा बिनतोड.

शाईपेन
अरे देवा. म्हणजे सरळ ‘मालवाहू जहाज’?

तांडेल
सरळ ‘मालवाहू जहाज’. आणि लेखाला तेच जास्त शोभेल. ‘हल्ल्याचं जहाज पेटलं’ यात विशेष काय? मालाची बोट पेटली, वाळूवर चढली आणि तरी माल उतरवत राहिली, हे वाचल्यावर माणूस थांबतो.

शाईपेन
पण शेवटी बोगनव्हिल बेटाचा परिच्छेद आहे. १ नोव्हेंबर १९४३, एम्प्रेस ऑगस्टा बे. तिथेही ती फौजेसोबत माल घेऊन गेली, आणि तेव्हा ती ‘एकेए’ झाली होती.

कोशकिडा
तिथे ‘चढाईतलं मालवाहू जहाज’. ‘चढाईचं’ नको, चढाई ते करत नाही. ‘चढाईतलं’ म्हणजे चढाईत सोबत असलेलं. त्या ‘अटॅक’चा अर्थही तेवढाच होता: हल्ल्याच्या ताफ्यात जाणारं आणि माल उतरवायच्या होड्या स्वतःच्या अंगावर बाळगणारं.

जाता जाता: १९६९मध्ये अमेरिकनांनी या वर्गाच्या नावातलं ‘अटॅक’ काढून ‘ॲम्फिबियस’ घातलं. बुणगासाहेब, शेवटी बेडूकच जिंकला.

हादगा
उशिरा आले, पण नावाबद्दल कुणीच बोललं नाही! ‘अल्चिबा’ लिहू नका, इंग्रजी स्पेलिंगने फसवलंय. ताऱ्याचा उच्चार ‘अल्किबा’. मूळ अरबी ‘खिबा’, म्हणजे तंबू. ही मालाची जहाजं ताऱ्यांच्या आणि तारकासमूहांच्या नावांची असायची. त्याच मोहिमेत ‘बेटेलज्यूस’ होतं, ती आपली आर्द्रा. ‘फोमलहॉट’ होतं, अरबीत ‘माशाचं तोंड’. ‘लिब्रा’ म्हणजे तूळ रास.

आणि अल्किबा कुठला? आपल्या हस्त नक्षत्रातला. पंजाची जी पाच बोटं आपण मोजतो त्यातला एक, तोही सगळ्यात मंद. सप्टेंबरअखेर सूर्य हस्तात जातो, हत्तीचा पाऊस पडतो, पोरी पाटावर हत्ती मांडून फेर धरतात, तेव्हा हा तारा सूर्याच्या उजेडात लपलेला असतो. नोव्हेंबर संपेपर्यंत मात्र तो सूर्याच्या चारेक तास आधी उगवायला लागतो. म्हणजे २८ नोव्हेंबरच्या पहाटे, टॉर्पेडो बसायच्या आधी, अल्किबा जहाजाच्या डोक्यावर पूर्वेला हस्ताचा पंजा चांगला वर आलेला असणार.

शाईपेन
अंगावर काटा आला. हे घेऊ का लेखात?

हादगा
घ्या की. फक्त खलाशांनी वर पाहिलं असं लिहू नका. आभाळ होतं की नव्हतं, आपल्याला काय ठाऊक.