गेम्स आणि ॲप्ससाठी युजर रिसर्च: सायकॉलॉजीवाल्यांना यात खरंच नोकरी मिळते का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी मूळची सांगलीची, सध्या पुण्यात एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मध्यंतरी एका सीनियरकडून कळलं की गेम कंपन्या लोक गेम खेळताना कुठे अडकतात, कुठे कंटाळतात हे बघायला खास माणसं नेमतात, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचतच नाहीये. बाबांचं म्हणणं नेट-सेट दे नाहीतर काउन्सेलिंगचा डिप्लोमा कर, त्यांची काळजी मला कळते, पण मला हेच करायचंय. तर असं काम आपल्याकडे आहे का, कोडिंग यावं लागतं का, आणि इंटरव्ह्यूला दाखवायला हातात काहीच नसेल तर सुरुवात कुठून करायची? स्टॅटिस्टिक्स बरं आहे माझं, एसपीएसएस हे त्याचं सॉफ्टवेअर येतं. कुणी या क्षेत्रात असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

खेळिया:
मी मॉन्ट्रियलला एका गेम स्टुडिओत हेच काम करतो, त्याआधी पुण्यात होतो. पहिल्यांदा एक घोळ मिटवू, हे काम म्हणजे गेम टेस्टर नव्हे. पुण्यात क्यूए म्हणून जी मुलं काम करतात ती बग शोधतात, म्हणजे माणूस भिंतीतून आरपार जातोय का, गेम मध्येच बंद पडतोय का वगैरे. आपण बघतो ते वेगळं, गेम ठणठणीत चालतोय पण खेळणाऱ्याला काय करायचंय ते कळतंय का आणि डिझायनरला जिथे मजा यायला हवी होती तिथे ती येतेय का.

सायकॉलॉजीचं म्हणशील तर या क्षेत्राचा पायाच तुझ्या विषयातल्या लोकांनी घातलाय. मायक्रोसॉफ्टच्या गेम्स विभागात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू झालं तेव्हा त्यात बरेच जण सायकॉलॉजी शिकलेले होते. एज ऑफ एम्पायर्स २ चं ट्युटोरियल त्यांनी कसं तपासलं ते नक्की वाच, सगळे लोक खेळवून मग शेवटी जाडजूड रिपोर्ट द्यायचा असं न करता, एकदोघं अडली आणि कारण स्पष्ट दिसलं की लगेच तेवढं बदलायचं आणि बदललेलं पुढच्या माणसापुढे ठेवायचं. याला राइट मेथड म्हणतात, २००२ मध्ये त्यावर पेपर आला. मग २००७ च्या हेलो ३ ला खेळाडू कुठे कुठे मरतात याचे नकाशेच काढले होते, एखाद्या कोपऱ्यात भलतेच मरताहेत असं दिसलं की लेव्हल दुरुस्त.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण मात्र पोर्टल या कोडी सोडवायच्या गेमचं, तोही २००७ चाच. एका लेव्हलमध्ये एक ठोकळा शेवटपर्यंत सोबत न्यायचा असतो आणि प्लेटेस्टला लोक तो मागेच ठेवून पुढे जायचे. टीमने मग त्या ठोकळ्यावर गुलाबी बदाम काढला, त्याला तुमचा सोबती म्हटलं, आणि लोकांचा त्याच्यावर असा जीव जडला की आज तो ठोकळा गेमपेक्षा जास्त ओळखला जातो! अडचण दिसली बघण्यातून, उत्तर दिलं डिझायनरने. आपलं काम पहिल्या अर्ध्याचं, आणि ते नीट झालं तरच दुसरं अर्धं होतं.

कोडिंग लागत नाही. डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, थोडी आली तर खेळाडूंचा डेटा स्वतः काढता येतो, तेवढं शीक. पण नोकऱ्या कमी आहेत हेही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधले १९०० लोक काढले, त्यामुळे इथे अनुभवी माणसंसुद्धा नवख्यांच्या जागांना अर्ज करताहेत.

मोरपंखी:
खेळियाचं पटलं, पण कृष्णाकाठ, तू भारतात राहून सुरुवात करणार असशील तर गेम्सची वाट बघत बसू नकोस. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून, छोट्या टीम्सही आहेत, पण खास रिसर्चरची जागा क्वचितच निघते. त्यामानाने पेमेंट, बँक, किराणा, प्रवास, शिक्षण यांच्या ॲप्सना युजर रिसर्चर लागतात आणि कौशल्य तेच असतं. मी याच बाजूला आहे, बाणेरला ऑफिस.

काम कसं असतं ते सांगते. एका पेमेंट ॲपसाठी चिंचवडच्या एका काकूंना लाइटबिल भरायला सांगितलं होतं. त्यांनी पर्समधून कागदी बिल काढलं, चष्मा लावला, ग्राहक क्रमांकाचे बारा आकडे एकेक करून टाकले, आणि मग पुढच्या खान्यात बीयू (बिलिंग युनिट) असं लिहिलेलं दिसलं तिथे थांबल्या. बिलावर तो चार आकडी नंबर छापलेला असतो, पण खान्यात ना उदाहरण ना बिलाचा फोटो. त्यांनी परत ग्राहक क्रमांकच टाकून बघितला, मग जन्मसाल टाकलं, मग फोन खाली ठेवला. आणि ॲप कसं वाटलं विचारल्यावर म्हणाल्या, "छान आहे की गं, मलाच मेलीला जमत नाही." सर्व्हे पाठवला असता तर काकूंनी पाचपैकी पाच तारे दिले असते आणि कंपनी खूश होऊन बसली असती! आपली माणसं दोष स्वतःकडे घेतात, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून गोड बोलतात, आणि हे ओळखणारा माणूस त्या खोलीत असणं किती गरजेचं आहे ते मला रोज जाणवतं.

तुझं स्टॅटिस्टिक्स वाया जाणार नाही. पाच जणांवर टेस्ट केली की पुरे असं सगळीकडे ऐकशील, युजेबिलिटीतले तज्ज्ञ जेकब नील्सन यांच्या २००० च्या लेखातलं ते, पण ते फक्त अडचणी शोधण्यापुरतं. पाचातले तीन अडले म्हणून "६० टक्के लोक अडतात" असं रिपोर्टात लिहिणारे खूप भेटतात, तू त्यातली होऊ नकोस. एसयूएस बघून ठेव, एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटते ते मोजणारी, जॉन ब्रुकने १९८६ मध्ये केलेली दहा वाक्यांची प्रश्नावली आहे, शंभरपैकी सरासरी स्कोअर ६८ धरतात, इंटरव्ह्यूला हमखास विचारतात.

ठाणे_फास्ट:
थोडं माझंही ऐक. मी पैसे लावून खेळायच्या गेम्सच्या एका कंपनीत रिसर्चला होतो, पगार उत्तम होता. ऑगस्ट २०२५ मध्ये त्या प्रकारच्या गेम्सवर बंदीचा कायदा आला आणि आमची टीमच संपली. पण मला जास्त त्रास त्याआधी व्हायचा. माणूस कुठे हरल्यावर थांबतो ते शोधून काढा, म्हणजे तिथे त्याला बोनस दाखवता येईल, असलं काम सांगायचे. मी विरोध केला तर वरिष्ठ म्हणाले, तुमचं काम फक्त बघण्याचं. तर इंटरव्ह्यूला तूही त्यांना एक प्रश्न विचार, की तुमच्या रिसर्चमुळे गेल्या वर्षात एखादा निर्णय बदलला का, कुठला? उत्तर द्यायला चाचपडले तर जाऊ नकोस.

कृष्णाकाठ:
बापरे, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून धन्यवाद. पण लॅब नाही, कंपनी नाही, तर पहिला स्टडी करू कशावर? आणि मोरपंखी ताई, डिझाइनची डिग्री घ्यावीच लागते का?

खेळिया:
लॅब नको, एक टेबल नि दोन फोन पुरेत. जानेवारीच्या सुमारास ग्लोबल गेम जॅम असतो, त्यात मुलं अर्धेकच्चे गेम बनवतात आणि त्यांना कुणी बाहेरचं खेळून बघणारं हवंच असतं. अशा एखाद्या टीमला विचार, आधी त्यांच्याकडून लिहून घे की पहिल्या वीस मिनिटांत खेळणाऱ्याला काय काय कळायला हवं, आणि मग तो गेम कधीच न बघितलेली माणसं बसव. तुझे मित्र नकोत, ते गोड बोलणार.

सगळ्यात अवघड काय, तर गप्प बसणं. समोरचा दारापाशी गोल गोल फिरतोय, किल्ली त्याच्या पाठीमागेच पडलीये, तुला दिसतंय, तो वळून तुझ्याकडे बघतो आणि विचारतो, "इथे दाबू का?" तुझ्या तोंडावर उत्तर आलेलं असतं. तेव्हा फक्त एवढंच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं, काय होईल?" तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून घे, त्याच्या शब्दांत, तुझ्या नाही. आणि अठराच्या आतल्या मुलांना बसवणार असशील तर आईवडिलांची लेखी परवानगी घेच, २०२३ च्या डेटा कायद्यातही लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितलीये.

शेवटी रिपोर्ट एका पानाचा आणि सोबत अडलेल्या जागेची छोटीशी क्लिप. आम्ही सगळे एनडीएत, म्हणजे कंपनीच्या गुप्ततेच्या करारात, अडकलेलो असतो, केलेलं काम दाखवता येत नाही, म्हणून असा स्वतःचा स्टडी कुणी आणला की मी तरी लक्ष देऊन बघतो.

मोरपंखी:
डिग्री घ्यावीच असं नाही, आमच्या टीममध्ये सायकॉलॉजी, समाजशास्त्र, पत्रकारिता सगळीकडची माणसं आहेत. घ्यायचीच असेल तर डिझाइनच्या मास्टर्सची सीड ही प्रवेश परीक्षा बघ, ती आयआयटी मुंबई घेते, तीन वर्षांची पदवी असली तरी देता येते, पण प्रत्येक संस्थेची प्रवेशाची अट वेगळी असते तेव्हा माहितीपत्रक नीट वाच. आयआयटी मुंबईचं पवईतलं डिझाइन स्कूल, आयडीसी, १९६९ पासूनचं आहे. मराठी टायपिंगचा स्वरचक्र कीबोर्ड तिथलाच, प्रा. अनिरुद्ध जोशींच्या गटाचा, भारतीय लिपीत लोक प्रत्यक्ष कसं टाइप करतात याचा अभ्यास तिथे झालाय, तो वाचलास तर आपल्या भाषेत किती काम करता येईल याचा अंदाज येईल. आणि बाबांना सेट देते म्हणून सांग, अभ्यास तुझा होतोच आहे, दोन्ही चालू ठेवलंस तर घरातही शांतता राहील आणि घाईत मिळेल ती नोकरी धरावी लागणार नाही.

कृष्णाकाठ:
ठरलं मग. आमच्याच कॉलेजच्या एका मुलाने मराठी शब्दकोड्यांचा गेम बनवलाय, त्याला आजच विचारलं, तो एका पायावर तयार आहे. पण एक सांगा, फोनमधलं स्क्रीन रेकॉर्डिंग पुरेल की वरून कॅमेरा पण लावू?

खेळिया:
दोन्ही लाव. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये कुठे दाबलं तेवढंच येतं, बोट कुठे कुठे घुटमळून परत आलं ते वरच्या कॅमेऱ्यातच दिसतं. ट्रायपॉड नसला तर पुस्तकांची थप्पी रच. चेहरे घेऊ नकोस, फक्त हात, म्हणजे लोकही मोकळे बसतात. आणि खऱ्या सेशनच्या आदल्या दिवशी रूममेटला बसवून एक रंगीत तालीम घे, आवाज नीट रेकॉर्ड होतोय ना ते तेव्हाच कळेल. झालं की रिपोर्ट इथे टाक, मी वाचतो.