मदत हवी आहे : लॉर्ड मिडल्टन यांचा १७२५ चा राजीनामा

पहिले व्हायकाउंट मिडल्टन, अर्थात अ‍ॅलन ब्रॉड्रिक, यांच्यावर टिपण लिहिताना एका मुद्द्यावर गाडे अडले आहे. १७१४ पासून आयर्लंडचे लॉर्ड चान्सलर (तेथील सर्वोच्च न्यायाधिकारी) असलेल्या या गृहस्थांनी विल्यम वुड या इंग्रज कारखानदाराला आयर्लंडसाठी पाडायला दिलेल्या तांब्याच्या नाण्यांना विरोध केला, तरीही त्याच नाण्यांवर तुटून पडणाऱ्या ‘ड्रेपिअर’च्या (या टोपणनावाने लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टच्या) पत्राविरुद्ध १७२४ मध्ये निघालेल्या जाहीरनाम्यावर सही केली (हे कोडे खासच आहे), आणि १७२५ मध्ये पद सोडले. नाण्यांचा वाद आणि आयरिश संसदेच्या कॉमन्स सभागृहाचे सभापती विल्यम कॉनली यांच्याशी असलेले जुने वैर, ही नेहमीची कारणे वाचून झाली आहेत. इंग्लंडमधील सरे परगण्यातील अभिलेखागारात असलेली ब्रॉड्रिक घराण्याची पत्रे प्रत्यक्ष जाऊन पाहणे मला शक्य नाही. राजीनाम्याचे कारण त्यांनी स्वतः सांगितले आहे, असे त्यांचे एखादे पत्र छापलेले आहे का, आणि असल्यास कोठे?