मदत हवी आहे: वंडर वुमनचा गरुड कसा करायचा? शनिवारी फॅन्सी ड्रेस!

चौथीचीआई: शाळेचा विषय आहे ‘पोशाख कसा बदलत गेला’. आमच्या वाट्याला वंडर वुमन, अमेरिकन कॉमिकमधली नायिका. ड्रेपरीवाल्याकडे फक्त सिनेमातला चिलखतवाला आहे, तो घेतला. बाकीचे मी शिवतेय. छातीवरचा गरुड सोनेरी टिश्यूचा कापला तर पंखांच्या टोकांचे धागे सुटून नुसती झिपरी झाली, फेव्हिकॉलने डाग पडला तो वेगळाच. लवकर सांगा प्लीज.

कात्री: बाकीचे म्हणजे किती? एकच मुलगी कपडे बदलणार की मुली जास्त आहेत?

चौथीचीआई: चौघीजणी, लिहायचं राहिलं. तीन गरुड लागणार.

जुनेअंक: थांबा, तीन कशाला? १९४१च्या शेवटी ती पहिल्यांदा आली तेव्हा चित्रकार एच. जी. पीटरने लाल चोळीवर गरुड काढला. १९८२ साली तो गरुड गेला आणि तिथे एकावर एक दोन ‘डब्ल्यू’ आले. १९६८ ते ७३ या काळात तर तिच्या शक्तीच गेल्या होत्या. पांढरे कपडे घालायची, बुटिक चालवायची, त्यावर गरुड नव्हता. म्हणजे गरुड एकच, पहिल्या मुलीला.

ठाणेकर_मावशी: मी माझ्या मुलीला झाशीची राणी केली होती. नऊवारी, फेटा, पाठीवर बाळ. टाळ्याच टाळ्या! विदेशी कशाला हवं?

कात्री: मावशी, विषय शाळेने दिलाय. ताई, टिश्यूला मागून पेस्टिंगचा बकरम लावा, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं ताठ अस्तर. वर सुती कापड ठेवून हलकी इस्त्री, नाहीतर जरीचे धागे करपतात. आकार नंतर कापा. कडेने बारीक टाके घाला, फेव्हिकॉल नको.

बोलघेवडा: फोमशीट घ्या, दहा मिनिटांत काम.

कात्री: फोम वाकला की दुमडीवर पांढरी रेघ पडते. नऊ वर्षांची मुलगी स्टेजवर जाईपर्यंत दहा वेळा वाकेल. मी शाळेच्या गॅदरिंगचे कपडे शिवते, म्हणून सांगतेय.

बोलघेवडा: माझ्या पुतणीचा मुकुट फोमचाच होता, दोन वर्षं टिकला.

कात्री: मुकुट कपाळावर असतो, वाकत नाही.

चौथीचीआई: आणि खाली? निळी चड्डीच ना? पालकांना नको आहे.

जुनेअंक: सुरुवातीला घेरदार निळा स्कर्ट होता, पांढऱ्या चांदण्यांचा. चड्डी त्यानंतर थोड्याच काळात आली. पहिल्या मुलीला बिनधास्त स्कर्ट द्या.

निळीशाई: पण लोकांना टीव्हीवरची लिंडा कार्टर आठवते. तिला चड्डीच होती. स्कर्टवाली कोण ओळखणार?

जुनेअंक: बदल दाखवायचा आहे ना? मग सुरुवात स्कर्टनेच हवी. तिच्या हातात तो जादूचा दोर मात्र देऊ नका, तो जून १९४२च्या अंकात आला. हातात रुंद चंदेरी कडी हवीत. हे पात्र रचणारा लेखक मार्स्टन, त्याच्या घरातल्या ऑलिव्ह बर्नच्या बांगड्यांवरून ती सुचली.

निळीशाई: १९८२ वालीला निळ्या चड्डीखाली निळीच लेगिंग घाला, पालकांचा प्रश्न मिटला. ‘डब्ल्यू’ सोनेरी गोटापट्टीचे होतील, सगळ्या सरळ रेघा. वरच्याची टोकं दोन्ही बाजूंना पंखासारखी पसरवा. आणि १९७२ साली ‘मिझ’ (Ms.) या स्त्रीवादी मासिकाच्या मुखपृष्ठावर तिला घेतलं, हे भाषणात हवंच. ते काढणाऱ्या ग्लोरिया स्टायनमसारख्या बायकांनी तिचा जुना पोशाख परत मागितला होता.

ठाणेकर_मावशी: भाषण मराठीत आहे ना? पाठांतर करून घ्या. आमच्या वेळी मुली स्टेजवर गप्पच उभ्या राहायच्या.

बोलघेवडा: २०१० सालचा काळी पँट आणि जॅकेटवाला घ्या की, शिवायची कटकटच नाही.

चौथीचीआई: पाचवी मुलगी कुठून आणू? चारच आहेत. बकरम लावून पाहिला, पंखाची टोकं कात्रीखाली ताठ राहिली. आता एकच गरुड, जीवात जीव आला. पण पांढऱ्या कपड्यांवाली रडतेय. बाकी तिघींना मुकुट, तिला काहीच नाही. देऊ का एक?

जुनेअंक: तेव्हा तिने मुकुट सोडला होता, नका देऊ.

कात्री: मुकुट द्या तिच्या हातात. शेवटी पहिल्या मुलीने तिच्या डोक्यावर ठेवायचा. १९७३ साली तिला सगळं परत मिळालंच होतं ना?

चौथीचीआई: हे आत्ता तिला सांगितलं. डोळे पुसून पांढऱ्या ओढणीची कंबरपट्टी बांधतेय.