पाणपोईवरची बारीक धार

आपल्याकडे 'प्रेमात पडणं' इंग्रजी कादंबऱ्यांमुळे आलं, त्यामुळे ऐतिहासिक प्रेमकथा म्हणजे आजच्या भावनांना नेसवलेलं नऊवारी, हे एक म्हणणं मला अर्धंच पटतं. संवादांत आजची भाषा घुसते हे खरं. मी अशाच कादंबऱ्या लिहिते आणि त्यापायी पानंच्या पानं फाडली आहेत. पण प्रेम बाहेरून आलं? गाथासप्तशती वाचा. सातवाहन राजा हालाच्या नावावरचं हे सातशे गाथांचं संकलन महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यात दरबार फारसा नाहीच. शेतं आहेत, गोदावरीचा काठ आहे, आणि कितीतरी गाथांत बाई स्वतःच बोलते. स. आ. जोगळेकरांची १९५६ सालची मराठी आवृत्ती हाताशी असेल तर उत्तमच.

त्यातली एक गाथा मला सोडत नाही. वाटसरू पाणपोईवर ओंजळीने पाणी पितोय, नजर वर, पाणी ओतणाऱ्या बाईच्या चेहऱ्याकडे. पिणं लवकर संपू नये म्हणून तो बोटं फाकवतो, पाणी गळत राहतं. आणि तीही, आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते! दोघं एक शब्द बोलत नाहीत. चारचौघांत, उघड्या रस्त्यावर हे घडतंय, आणि त्या दोघांशिवाय कुणाला पत्ता नाही. तेव्हापासून पहिल्या भेटीचा प्रसंग लिहायला घेतला की मी संवाद नंतर लिहिते. आधी ठरवते, दोघांच्या हातांत काय आहे.