बायोमेडिकल टेक्निशियनची पहिली नोकरी: पुण्यात एजन्सीतर्फे २२ हजार की मिरजेत रोलवर १६ हजार?

मेडइलेक्ट्रॉ_सांगली

नमस्कार. माझा मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. त्यानंतर कोल्हापुरात एका हॉस्पिटलच्या बायोमेडिकल विभागात (हॉस्पिटलची मशीन सांभाळणारा, दुरुस्त करणारा विभाग) अप्रेंटिसशिप केली. मॉनिटर, सिरिंज पंप, ईसीजी, सक्शन यांचे कॉल मी एकटी अटेंड करायचे. व्हेंटिलेटर मात्र सर उघडायचे आणि मी बघायचे.

आता दोन ठिकाणी निवड झालीय आणि शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

पुण्याला मोठं कॉर्पोरेट हॉस्पिटल आहे, पण भरती एजन्सीतर्फे. सीटीसी वर्षाला २ लाख ६४ हजार. करार ११ महिन्यांचा, पुढे रिन्यू होतो म्हणतात. दोन वर्षांचा बॉण्ड आहे, मधे सोडलं तर ५० हजार भरायचे. डिप्लोमाची मूळ मार्कशीट त्यांच्याकडे जमा करायची. रात्रीच्या ऑन-कॉलचे पैसे मिळतात का विचारलं, तर 'जॉइन झाल्यावर बघू' एवढंच उत्तर.

मिरजेला दीडशे खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे. थेट त्यांच्या रोलवर, म्हणजे हॉस्पिटलचीच कर्मचारी म्हणून, सहा महिने प्रोबेशन. ग्रॉस १६ हजार, हातात साडेचौदाच्या आसपास. विभागात एक सिनिअर सर आहेत, दुसरी मी. सांगलीहून रोज जाऊन-येऊन करता येईल.

बाबांचं म्हणणं, पुण्याचं नाव लागलं की पुढचं सोपं होतं आणि सहा हजार काही थोडे नाहीत. मला काही ठरवता येत नाहीये. याच कामातल्या कोणी सांगाल का?

बायोमेड_इनचार्ज (नाशिक)

आधी ते सहा हजार बघू, कारण ते सहा हजार नाहीतच.

२ लाख ६४ हजार म्हणजे महिना २२ हजार, पण हा मालकाला पडणारा खर्च झाला. बेसिक १२ हजार धरली तर मालकाच्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ५७७ त्यातच मोजलेली असते. ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे सव्वासहाशेच्या घरात, तेही त्यातच. ग्रॉस उरतं १९,३५० च्या आसपास. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,४४० आणि ईएसआयसीचे पाऊण टक्का, १४५ रुपये. व्यवसाय कर तुम्हाला लागणार नाही, महाराष्ट्रात महिलांना २५ हजारांपर्यंतच्या पगारावर तो २०२३ पासून माफ आहे. म्हणजे हातात पावणेअठरा. पुण्यात खोली आणि मेस मिळून आठ-नऊ हजारांच्या खाली जमत नाही. मिरजेच्या साडेचौदातून फक्त जाण्यायेण्याचे वजा करा. हे कागदावर मांडून बाबांना दाखवा.

आता बॉण्ड. करार ११ महिन्यांचा आणि बॉण्ड २४ महिन्यांचा, हे नीट वाचा. बाराव्या महिन्यात तुम्हाला ठेवायचं की नाही हे त्यांच्या हातात, आणि तुम्ही निघालात तर ५० हजार तुमच्या खिशातून. शिवाय मूळ मार्कशीट. ती कुणालाही द्यायची नाही. पडताळणीसाठी समोर बसून दाखवायची, झेरॉक्सवर सही करून द्यायची आणि मूळ कागद पिशवीत परत. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्या एका मुलाची निवड झाली होती, पण आधीच्या एजन्सीने मार्कशीट अडकवून ठेवली म्हणून तो वेळेत जॉइन होऊ शकला नाही. जागा दुसऱ्याला गेली.

पण माझ्या मते खरा प्रश्न पगाराचा नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत कोणती मशीन तुमच्या हातून उघडली जाणार, हा आहे. मोठ्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर, ॲनेस्थेशिया वर्कस्टेशन, डायलिसिस, सगळं बहुधा सीएमसीमध्ये, म्हणजे कंपनीच्या वार्षिक देखभाल करारात असतं, पार्टसकट कंपनीच्या गळ्यात. कॉल आला की कंपनीला फोन लावायचा, इंजिनिअर आला की शेजारी उभं राहायचं, सर्व्हिस रिपोर्टवर सह्या घ्यायच्या, फाइल लावायची. एजन्सीच्या माणसाला तर कित्येकदा स्क्रू ड्रायव्हर लावायचीही परवानगी नसते. तशा ठिकाणी चार वर्षं काढलेली मुलं माझ्याकडे येतात. कागद उत्तम सांभाळतात, एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाची मान्यता) फाइली तोंडपाठ असतात, पण सिरिंज पंपाची ऑक्लूजन टेस्ट, म्हणजे नळी अडली की पंप अलार्म देतो का ती तपासणी, कर म्हटलं की थांबतात. दोष त्यांचा नाही, त्यांना कुणी करूच दिलेली नसते.

ट्रस्टच्या हॉस्पिटलला सगळ्याची सीएमसी परवडत नाही. तिथे कॉटरीचा फूटस्विच, बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरचा स्किन प्रोब, ऑटोक्लेव्हचं गॅस्केट, मॉनिटरची बॅटरी हे सगळं घरातच होतं. शिकवणारा माणूस चांगला असेल तर दोन वर्षांत हात तयार होतो. म्हणून मिरजेच्या सरांना भेटा आणि थेट विचारा की व्हेंटिलेटरचं पीएम (बिघाडाआधीची ठरलेली देखभाल) कोण करतं, इलेक्ट्रिकल सेफ्टी ॲनालायझर (मशीनमधून वीज झिरपते का ते मोजणारं यंत्र) विभागाचा आहे की दरवेळी बाहेरून येतो. गेल्या महिन्याचं ब्रेकडाउन रजिस्टर दाखवाल का, हेही विचारा. दाखवलं तर काम करणारा विभाग समजा.

मी मुलाखत घेतो तेव्हा टेबलावर मल्टिपॅरा मॉनिटर ठेवतो आणि म्हणतो, आयसीयूतून कॉल आहे, एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) दिसत नाहीये. बरेच जण लगेच आतल्या सर्किट बोर्डावर घसरतात. मला हवं असतं ते उत्तर असं: आधी सिस्टरना विचारीन की पेशंट कसा आहे, त्याला स्टँडबाय मॉनिटर लावीन, मग प्रोब स्वतःच्या बोटाला लावून बघीन, मग चांगला प्रोब लावून बघीन, मग कनेक्टरच्या पिना. जो पेशंटपासून सुरुवात करतो त्याला मी घेतो, मग मार्क कितीही असोत.

पगाराबद्दल मात्र मनात राग आहे आणि तो बोलतोच. बऱ्याच हॉस्पिटलांत आपल्याला लिफ्ट आणि एसीवाल्यांबरोबर मेंटेनन्सच्या खात्यात टाकतात आणि त्याच मापाने पगार ठरवतात. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. ज्या कक्षात वॉर्मर आणि फोटोथेरपी रात्रंदिवस चालू असतात, तिथली वायर, अर्थिंग, लीकेज करंट वेळच्या वेळी तपासणारा माणूस खर्चाच्या यादीत शेवटी का यावा? मी व्यवस्थापनासमोर माझ्या मुलांच्या पगारवाढीसाठी जातो तेव्हा वर्षभरात घरात बंद केलेल्या कॉलची यादी नेतो आणि प्रत्येकापुढे कंपनीच्या व्हिजिटचा दर लिहितो. तुम्हीही पहिल्या दिवसापासून स्वतःची डायरी ठेवा: मशीन, तक्रार, काय सापडलं, किती वेळ बंद होतं. पुढच्या नोकरीत पगाराचं बोलणं त्या डायरीवर होतं.

फिरता_सर्व्हिसवाला (लातूर)

इनचार्ज सरांशी सहमत. फक्त तिसरी वाटही सांगतो. मी डीलरकडे फील्डला आहे. पगार हॉस्पिटलपेक्षा थोडा बरा, वर टीए-डीए. कंपनीचं ट्रेनिंग मिळतं, पण हात एकाच ब्रँडवर बसतो. सरकारी रुग्णालयांतही काम असतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला, त्यात जिल्हा रुग्णालयातली मशीन ९५ टक्के वेळ, ग्रामीण रुग्णालयातली ९० आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के वेळ चालू राहायला हवीत अशी अपेक्षा. कमी पडलं की कंत्राटदाराला दंड, आणि तो ताण शेवटी मोटारसायकलवरच्या टेक्निशियनवर. तिकडे जायचं झालं तर पेट्रोल कोण देणार हे लेखी घ्या. आमच्या ओळखीच्या एकाचं दर महिन्याला त्यावरूनच भांडण.

आयसीयू_सिस्टर

ताई, माझं काम तुमचं नाही, तरी लिहिते. रात्री व्हेंटिलेटरचा अलार्म थांबत नसतो तेव्हा आम्ही एका हाताने अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत दुसऱ्या हाताने बायोमेडला फोन लावतो. जिथे रात्रीचा ऑन-कॉल फुकटात करून घेतात, तिथे फोन उचलायला माणूस टिकत नाही. त्याचे पैसे मागायला अजिबात लाजू नका, ते पेशंटसाठीच आहेत.

मेडइलेक्ट्रॉ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज पुण्याच्या एचआरला फोन केला. मार्कशीट 'सगळेच देतात' म्हणाले, बॉण्ड काढता येणार नाही म्हणाले. मिरजेला जाऊन आले. सरांनी रजिस्टर दाखवलं, ॲनालायझर विभागाचाच आहे. व्हेंटिलेटरचं पीएम पहिले काही महिने त्यांच्यासोबत, मग मी एकटी करायचं. बाबाही बरोबर होते, त्यांना सर आवडले. ऑन-कॉल आठवड्याआड असेल, पैसे नाहीत पण बदली सुट्टी देऊ म्हणाले. १६ चे १८ मागू का? रागावणार तर नाहीत ना?

बायोमेड_इनचार्ज (नाशिक)

मागा. 'अप्रेंटिसशिप झाली आहे, कॉल एकटी अटेंड करते' हे कारण सांगून १८ मागा. १८ नाही म्हणाले तर १७ आणि प्रोबेशन संपल्यावर १८, असं ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. कामाची माणसं असा प्रश्न ऐकून रागावत नाहीत. बदली सुट्टी किती दिवसांत घ्यायची तेही त्यातच लिहून घ्या, नाहीतर ती साठत जाते आणि वर्षअखेरीला बुडते. रात्री हॉस्पिटलला बोलावलं तर गाडीची सोय त्यांची, हेही लिहून घ्या. सांगली-मिरज अंतर कमी असलं तरी रात्री दोन वाजता एकटीने स्कूटी काढायची नाही.

लेटर आलं की नाव-गाव झाकून इथे टाका, सही करण्याआधी मी वाचून सांगतो.